दुसरा शुक्रवार

'सैराट' २९ एप्रिल २०१६ च्या शुक्रवारी लागला. आर्ची झालेली मुलगी अकलूजची, परशा झालेला मुलगा करमाळ्याचा. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती, आकाश ठोसर तालमीतला गडी. दोघांच्याही घरात आधी कुणी कॅमेऱ्यापुढे उभं राहिलेलं नव्हतं. पुढे काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. थिएटरांत पैसे उधळले गेले, वरातींना कैक हंगाम दुसरं गाणं सुचलं नाही, आणि गर्दीपायी रिंकूला दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. वर्षभराने हीच गोष्ट कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' या नावाने आली. तिथेही नायिका रिंकूच. बंगळूरच्या निर्मात्याला अकलूजची मुलगी चालली.

मग २० जुलै २०१८ ला हिंदी 'धडक' आला. गोष्ट तीच, अजय-अतुल तेच, 'झिंगाट'ही तेच. नायिका जान्हवी कपूर, श्रीदेवी आणि बोनी कपूर यांची थोरली मुलगी. तिचा हा पहिलाच चित्रपट. नायक ईशान खट्टर, शाहिद कपूरचा धाकटा भाऊ. करमाळ्याच्या जागी उदयपूर आलं, आणि मूळ गोष्टीतला जातीचा काटा इतका बोथट झाला की त्या पोरांच्या जिवावर उठायला घरच्यांना नेमकं काय खुपलं हेच धड कळेना. मराठीतून हिंदीत गोष्ट गेली, चाल गेली, नाच गेला. चेहरे तेवढे इकडेच राहिले.

घराणेशाहीचं इतकं उघडं उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही मला वाटतं, आपण या पहिल्या शुक्रवारावर गरजेपेक्षा जास्त बोलतो. नटाच्या मुलाला पहिली संधी मिळते यावर डॉक्टरच्या, वकिलाच्या, आमदाराच्या मुलांनी भरलेल्या या देशात किती वेळ रागवायचं? पहिली संधी लॉटरीसारखी का होईना, बाहेरच्यालाही लागते. खरा फरक पडतो तो दुसऱ्या शुक्रवारी. म्हणजे पहिला चित्रपट आपटल्यानंतरच्या शुक्रवारी. कुणाला किती वेळा पडू दिलं जातं, पडल्यावर फोन उचलला जातो की नाही, मधल्या महिन्यांचं भाडं कोण भरतं. चित्रपटसृष्टीतली घराणेशाही आणि तिथल्या माणसांचं मानसिक आरोग्य यांची गाठ कुठे पडत असेल, तर ती इथे.

दोन उदाहरणं घेऊ. कुमार गौरव १९८१ मध्ये 'लव्ह स्टोरी'त आला. चित्रपट वडील राजेंद्रकुमार यांचा, आणि तो तुफान चालला. त्यानंतरचे बहुतेक पडत गेले. १९८६ मध्ये घरच्याच निर्मितीत 'नाम' झाला. त्यात भाव खाल्ला संजय दत्तने, म्हणजे दुसऱ्या घराण्याच्या मुलाने. १९९३ मध्ये पुन्हा घरचा 'फूल', समोर माधुरी दीक्षित. तोही लोकांनी नाकारला. घराणं मुलाला तारा बनवू शकत नाही याचा हा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात बारा वर्षं दिसतात. बारा वर्षं प्रयत्न करत राहण्याची मुभा त्या घराने दिली.

अभिषेक बच्चनचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण तिथे ही मुभा फळाला आली. जून २००० मध्ये 'रेफ्युजी', आणि २००४ मध्ये 'युवा'. मधल्या चार वर्षांत डझनभर चित्रपट आले आणि बहुतेक सपाटून पडले. 'युवा'तला लल्लन किंवा 'गुरू' (२००७) पाहताना वाटतं, बरं झालं याला कुणी घरी पाठवलं नाही. पण त्याच चार वर्षांत एकच चित्रपट पडल्यावर किती जणांनी दादरहून पाटण्याची नाहीतर नागपूरची गाडी पकडली हे कळायला मार्ग नाही. न झालेल्या कारकिर्दीची नोंद कुणी ठेवत नाही.

०००

घराणेशाही सिनेमात नंतर शिरली, असं बोललं जातं. शिरायला ती बाहेर होती कधी? दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिदास झाला त्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या आणि सगळ्या युनिटला रांधून घालायच्या. 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. कारण साधं होतं. भल्या घरचं दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं. तारामती करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके उभे राहिले. भारतीय सिनेमाच्या पहिल्याच चौकटीत घरचा मुलगा आणि पूर्ण बाहेरचा माणूस असे दोघे शेजारी उभे आहेत.

आणि वारसा म्हणजे नेहमी लोण्याचा गोळाच असतो असंही नाही. भाऊ-बापूंच्या फडाचा वारसा विठाबाई नारायणगावकरांकडे आला, त्यांच्याकडून मुलींकडे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. तमाशातल्या पोरीला कुणी 'स्टार किड' म्हणत नाही. कलेचं घराणं असणं वेगळं आणि पैशांचं घराणं असणं वेगळं, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मधल्या काळात एक वेगळी व्यवस्था होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली 'प्रभात' ही पगार देणारी कंपनी होती. नट, सुतार, रंगारी, संकलक, सगळे महिन्याच्या महिन्याला पगार घेत. चित्रपट पडला तरी चूल पेटायची. १९४० च्या दशकात तिथे करारावर आलेल्या दोन अनोळखी पोरांची, गुरुदत्त आणि देव आनंद यांची, मैत्री झाली. पुढे देव आनंदच्या 'नवकेतन'ने गुरुदत्तला 'बाजी' (१९५१) दिला. यालाही वशिला म्हणा हवं तर. पण तो नोकरीत भेटलेल्या दोस्ताचा वशिला होता.

दुसऱ्या महायुद्धात आलेल्या काळ्या पैशाने ही व्यवस्था मोडली. नट फुटकळ करारांवर काम करू लागले, त्यांचे भाव चढले, पगारी स्टुडिओ एकामागून एक बसले. १९५० चं दशक निम्मं सरेपर्यंत 'प्रभात' आणि 'बॉम्बे टॉकीज' दोन्ही मिटले होते. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या धंद्याला बँक कर्ज देत नव्हती. सरकारने चित्रपटाला उद्योग मानलं ते १९९८ मध्ये. तोवर पैसा खासगी सावकाराकडून, जबर व्याजाने, आणि तोही ओळखीच्या नावावर. अशा धंद्यात कुटुंब हीच बँक, तीच शाळा, तोच विमा. 'प्रभात'च्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. जया भादुरी, शत्रुघ्न सिन्हा, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी तिथून आले. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथला अभिनयाचा अभ्यासक्रमच बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला २००४ मध्ये. आडनाव नसलेल्यांसाठी असलेला एक सरकारी दरवाजा पाव शतक बंद होता, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

०००

आज तो दरवाजा अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आराम नगरात आहे. बैठी जुनी घरं, आंब्या-फणसाची झाडं, आणि घराघरांत कास्टिंगची ऑफिसं. सकाळी दहानंतर गल्ल्यांत पाठीवर सॅक घेतलेली पोरं-पोरी दिसू लागतात. सॅकमध्ये दोन शर्ट, एक कुर्ता, पाण्याची बाटली, कंगवा. दारात उभा असलेला सहायक चेहऱ्याकडे नजर टाकतो आणि दोन शब्द बोलतो: नॉट फिट. इथल्या भाषेत हे वाक्य शिवी नाही, शेराही नाही. 'आज शनिवार आहे' म्हणावं तितक्या सपाटपणे ते म्हटलं जातं.

जो 'फिट' असतो तो आत जातो. नाव, वय, उंची. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हात दाखवा. पानभर संवाद, दोन टेक. मग 'कळवतो'. करोनानंतर यातलं बरंच घरी गेलं: मोबाइल स्टँडला लावायचा, रूममेटला समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला लावायची आणि व्हिडिओ पाठवून द्यायचा. उत्तर आलं तर त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शॉर्टलिस्ट, होल्ड, लॉक. होल्ड म्हणजे त्या तारखा दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, पण त्या तारखांचे पैसेही मिळणार नाहीत. 'लॉक' झाल्यावरसुद्धा सेटवर पोचेपर्यंत कुणी खरं मानत नाही. इन्स्टाग्रामवर किती लोक मागे आहेत हाही प्रश्न आता उंचीच्या जोडीने विचारला जातो.

नकाराने माणूस मोडतो असा सर्वसाधारण समज आहे. नटाला नकार पचवता येतो. त्याने धंदाच तो निवडलेला असतो. पचत नाही ती शांतता. व्हिडिओ पाहिला की नाही, आवडला नाही तर काय आवडलं नाही, भूमिका दुसऱ्याला गेली की चित्रपटच रद्द झाला, यातलं काही कळत नाही. बारावीत आपटलेल्या पोराच्या हातात गुणपत्रिका तरी पडते. इथे तीही नाही, म्हणून माणूस ती रात्री जागून स्वतःच लिहायला बसतो: नाक, रंग, उच्चार, आडनाव. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने कामाच्या ताणाबद्दल एक साधी मांडणी केली होती. काम अवघड असण्यापेक्षा, काम अवघड आणि त्यावर आपला ताबा शून्य, हा जोड माणसाला आजारी पाडतो. त्याने पाहिले होते ते कामगार आणि कर्मचारी. वर्सोव्याचा स्ट्रगलर त्या मांडणीच्या अगदी टोकाला बसतो: मागणी अमर्याद, ताबा नाही, आणि कामगार म्हणून नोंदही नाही.

याच्या उलट चित्र मराठी मुलांनी पाहिलेलं असतं, म्हणून ती मुंबईत जास्त गोंधळतात असं मला वाटतं. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. तिथे कॉलेजचा संघ हरतो तेव्हा निकाल जाहीर होतो, परीक्षक बोलतात, भांडण झालं तर तोंडावर होतं. २०२२ मध्ये तर करंडक देण्याच्या लायकीचं काही दिसलं नाही म्हणून परीक्षकांनी तो कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत पत्रं, समाजमाध्यमांवर वाद. माझ्या मते परीक्षकांनी फारच हात आखडला होता. पण मुलांना राग धरायला समोर माणूस होता, कारण होतं, आणि पुढचं वर्ष होतं.

दुसरा शुक्रवार नसलेल्यांना तारून नेतं ते बहुधा असं काहीतरी: संघ, खोली, मित्र. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने पुन्हा पुन्हा नाकारल्यावर जीव नकोसा झाला होता, आणि तेव्हा मित्र शेजारी झोपत, एकटं सोडत नसत, हे मनोज बाजपेयी यांनी स्वतः सांगितलं आहे. पुढे मुंबईतही ते चाळीत मित्रांसोबत राहिले. 'सत्या' यायला १९९८ उजाडलं. या आठवणीकडे यशोगाथा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला त्यात एक व्यावहारिक गोष्ट दिसते: आत्महत्येचा विचार करणारा माणूस रात्री एकटा असू नये हे त्या मित्रांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं.

०००

इथवर आलं की वाचक म्हणेल, म्हणजे घराण्यातले सुखी आणि बाहेरचे दुःखी. तसं नाही, आणि नेमकं इथेच माझं दुसऱ्या शुक्रवाराचं म्हणणं अपुरं पडतं. महेश भट्ट यांची मुलगी शाहीन भट्ट हिने तरुण वयापासूनच्या नैराश्यावर २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. आमिर खान यांची मुलगी आयरा हिने २०२० मध्ये आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि पुढे या विषयावर संस्था काढली. दोघींना संध्यांची काय कमतरता होती? दीपिका पदुकोणला २०१४ मध्ये नैराश्याने गाठलं, ते सलग यशस्वी चित्रपटांच्या २०१३ नंतर लगेच. तिने २०१५ मध्ये ते बोलून दाखवलं तेव्हा एवढ्या मोठ्या नटीला कसलं नैराश्य, असं म्हणणारे कमी नव्हते. गुरुदत्तने 'कागज के फूल' (१९५९) पडल्यावर दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपलं नाव लावलं नाही. पण 'चौदहवीं का चाँद' (१९६०) त्यानेच काढला आणि तो धो धो चालला. त्याला दुसरा शुक्रवार मिळाला होता. १० ऑक्टोबर १९६४ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो गेला. (१० ऑक्टोबर हा पुढे जागतिक मानसिक आरोग्य दिन ठरला, निव्वळ योगायोग.)

आजाराला आडनाव कळत नाही. आडनाव उपयोगी पडतं ते आजारानंतर. डॉक्टरची फी, सहा महिने काम न करण्याची सोय, 'ती सध्या ब्रेकवर आहे' असं सांगणारा मॅनेजर, आणि परतल्यावर तसाच उघडा असलेला दरवाजा. बाहेरचा मुलगा आजार लपवतो. 'याचं काहीतरी बिनसलंय' ही बातमी आराम नगरात दुपारपर्यंत फिरते आणि मग शॉर्टलिस्टमधून नाव जातं, तेही न सांगता.

०००

१४ जून २०२० ला जे घडलं त्याबद्दल इतकं बोललं गेलं आहे की आणखी शब्द टाकताना संकोच होतो. मराठी घरांत सुशांतसिंह राजपूत आधी मानव देशमुख म्हणून आला होता. 'पवित्र रिश्ता'तला चाळीत राहणारा मेकॅनिक, उषा नाडकर्णींचा मुलगा. पाटण्याचा, दिल्लीत इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेला, नाच आणि नाटकाच्या वाटेने आलेला. २०१३ मध्ये 'काय पो छे', २०१६ मध्ये धोनी. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेला 'छिछोरे' भरपूर चालला. हरण्याला घाबरलेल्या मुलाला वडील धीर देतात, ती त्याची गोष्ट. त्यानंतर नऊ महिन्यांत, चौतिसाव्या वर्षी, सुशांत गेला.

पहिल्या आठवड्यात सगळा देश घराणेशाहीवर बोलत होता. शब्दाला धार आधीच लागलेली होती. कंगना राणावतने २०१७ मध्ये करण जोहरच्याच कार्यक्रमात त्याला तोंडावर घराणेशाहीचा झेंडेवाला म्हटलं होतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात त्यावर विनोद करून तीन घराणेदारांनी नंतर माफी मागितली होती. आता तो विनोद महागात पडला. ऑगस्टमध्ये 'सडक २' च्या ट्रेलरवर नापसंतीचे एक कोटीहून जास्त अंगठे पडले. मुंबई पोलिसांनी पन्नासहून अधिक जणांचे जबाब घेतले, एका बड्या निर्मितीसंस्थेकडून कराराची प्रत मागवली. तपासाचा हा एक धागा निदान कामाच्या व्यवस्थेकडे जात होता. पण ऑगस्टपर्यंत विषय खुनावर गेला, सप्टेंबरमध्ये अमली पदार्थांवर. त्याच्या मैत्रिणीने जवळजवळ महिना तुरुंगात काढला. मुंबई पोलीस, बिहार पोलीस, ईडी, एनसीबी, सीबीआय: एका घरात पाच यंत्रणा. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला.

या गदारोळात दोन्ही प्रश्न मेले. मानसिक आजार म्हणणारा माणूस 'घराणेदारांची पाठराखण करणारा' ठरला आणि घराणेशाही म्हणणारा 'आजार नाकारणारा'. एखादा मृत्यू एकाच कारणाने झाला असा आग्रह धरणं हेच मुळात चूक आहे, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ वाहिन्यांवर येत होते आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज बंद होत होता. प्रिस्क्रिप्शनं पडद्यावर झळकली, खासगी चॅट वाचून दाखवली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. आत्महत्येच्या बातम्या कशा द्यायच्या यावर प्रेस कौन्सिलचे नियम सप्टेंबर २०१९ मध्येच आले होते. अखेर १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांना सुनावलं: आत्महत्या केलेल्या माणसाला कमकुवत मनाचा म्हणून रंगवू नका, त्याच्या खासगीपणात घुसू नका. तोवर देशातल्या कित्येक घरांत 'गोळ्या चालू आहेत' हे वाक्य गिळलं गेलं असणार. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार आहे, आणि उपचारांपर्यंत न पोचणारे आजारानुसार ७० ते ९२ टक्के. या लोकांनी २०२० मध्ये टीव्हीवर काय पाहिलं? उपचार घेणाऱ्याची कशी चिरफाड होते ते.

आणि घराणेशाही? डिसेंबर २०२३ मध्ये 'द आर्चीज' आला, एकाच चित्रपटात सुहाना खान, खुशी कपूर आणि अगस्त्य नंदा. जुलै २०२५ मध्ये चंकी पांडेचा पुतण्या अहान 'सैयारा'त आला आणि थिएटरांत पोरंपोरी ढसाढसा रडली. चित्रपट चांगला वाटला म्हणून रडली, त्यात गैर काही नाही. पण २०२० चा राग व्यवस्थेवर नव्हताच, तो चार-पाच चेहऱ्यांवर होता. चेहरा नवा आला की राग संपतो.

०००

चेहऱ्यांच्या पलीकडे जे आहेत त्यांच्याबद्दल लिहिताना दिवाळी अंकांचेही हात आखडतात. मुखपृष्ठावर लाइटमन कोण छापणार? पश्चिम भारतातल्या सिने-कर्मचाऱ्यांच्या फेडरेशनखाली बत्तीसच्या आसपास संघटना आहेत: लाइटमन, स्पॉट दादा, सेटिंगवाले, मेकअप, ज्युनिअर आर्टिस्ट, फायटर. घराणेशाही इथेही आहे, आणि ती बहुधा वरच्यापेक्षा घट्ट. सभासदत्वाचं कार्ड महाग, म्हणून काका-मामाच्या ओळखीने येतो तो पुतण्या-भाचा. केवळ सभासदांनाच काम द्यायचं ही पद्धत स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये कायद्याविरुद्ध ठरवली. कागदावर निकाल बरोबर असेल. पण लाइटमनचं ते कार्ड म्हणजे राज कपूरचा आर. के. स्टुडिओ नव्हे. ते त्याच्या मुलाला मिळणारं एकमेव घर आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदवल्या. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, १९,९०९. व्यवसायानुसार पाहिलं तर रोजंदारीवर काम करणारे ३७,६६६, म्हणजे दर चारांत एक. चित्रपटसृष्टी असा रकाना त्या तक्त्यात नाही. सेटवर दिवसाच्या हिशेबाने राबणारा माणूस मेला तर तो याच रोजंदारीच्या रकान्यात जातो आणि हॅशटॅग होत नाही. ज्या वर्षी पाच यंत्रणा वांद्र्याच्या एका फ्लॅटमध्ये होत्या, त्याच वर्षी मार्च ते जून सगळी शूटिंग बंद होती आणि मालिकांचे जुने पैसेसुद्धा थकले होते. टीव्हीचा रिवाज नव्वद दिवसांचा आहे: आज काम, तीन महिन्यांनी चेक. म्हणजे भाडं, हप्ता, गावी पाठवायचे पैसे, सगळं कायम तीन महिने मागे. चेक वेळेवर आला तर.

आणि एक माणूस असा, जो ना चेहरा होता ना रोजंदार. दापोलीत जन्मलेले नितीन चंद्रकांत देसाई कलादिग्दर्शक म्हणून '१९४२: अ लव्ह स्टोरी', 'लगान', 'देवदास', 'जोधा अकबर' उभे करत गेले. २००५ मध्ये कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ बांधला. घराणं नसलेल्या माणसाने संस्था उभारायची म्हटली तर कर्ज काढावं लागतं, आणि बातम्यांनुसार ते अडीचशे कोटींच्या वर गेलं. जुलै २०२३ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, २ ऑगस्टला देसाई गेले. कर्ज हे कारण सगळ्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून टाकलं. मी ते एकटं कारण म्हणून लिहिणार नाही. पण चेंबूरचा आर. के. स्टुडिओ आठवल्याशिवाय राहत नाही. २०१७ मध्ये तो आगीत जळाला, परवडेना म्हणून कपूर कुटुंबाने २०१९ मध्ये बिल्डरला विकला, आठवणींचे हुंदके दिले, आणि सगळे आपापल्या घरी गेले. स्टुडिओ दोघांचेही गेले. एकाच्या घरात तो गेल्यावरही बरंच काही शिल्लक होतं.

०००

यावर करायचं काय, हे विचारलं की मुंबईत 'टॅलेंट असेल तर वर येतंच' हे उत्तर मिळतं. ते वर आलेल्यांनी दिलेलं असतं. मदतवाहिनी आहे, केंद्र सरकारची 'टेलि-मानस' १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास मराठीतही बोलते, आणि हा क्रमांक प्रत्येक सेटवर कॉलशीटच्या खाली छापायला पैसे पडत नाहीत. २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. पण फोनवर धीर देणारा माणूस थकलेला चेक काढून देऊ शकत नाही. सिने-कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर ठेवायचं नाही हे १९८१ च्या केंद्रीय कायद्यातच लिहिलं होतं. सेटवर विचारून पाहा, करार किती जणांनी पाहिला आहे.

केरळने एक वेगळी गोष्ट केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, तिच्या बाजूने बायका उभ्या राहिल्या, त्यांनी संघटना काढली आणि सरकारला समिती नेमायला लावली. न्या. के. हेमा, ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वलसलाकुमारी. त्यांनी बंद खोलीत माणसांना बोलतं केलं आणि ३१ डिसेंबर २०१९ ला अहवाल दिला. सरकारने तो साडेचार वर्षं दाबून ठेवला. १९ ऑगस्ट २०२४ ला नावं काढून बाहेर आला तेव्हा मल्याळम सिनेमा हादरला. मूठभर पुरुषांचा गट कुणाला काम मिळणार ते ठरवतो, बोलणाऱ्यावर न सांगता बंदी येते, बाहेरच्या चित्रीकरणात बायकांना स्वच्छतागृह नसतं, हे सगळं एका सरकारी दस्तऐवजात आलं. प्रामुख्याने स्त्रियांच्या छळाचा तो अहवाल आहे. पण काम कसं दिलं जातं आणि कसं काढून घेतलं जातं याची सरकारी चौकशी करता येते, हे त्याने दाखवलं.

हिंदी-मराठीसाठी असं कुणी बसलंच, तर ताऱ्यांच्या मुलांना बोलावून वेळ घालवू नये. कास्टिंगच्या ऑफिसांना विचारावं, व्हिडिओ पाठवणाऱ्याला आठवड्यात हो किंवा नाही कळवायला काय अडचण आहे. मॅनेजरांच्या एजन्सींना विचारावं, तीन-तीन चित्रपटांच्या करारात नटाने बाहेर काम करायचं नाही असं लिहिलेलं असतं का, आणि ते तीन चित्रपट झालेच नाहीत तर काय. वाहिन्यांच्या वकिलांना विचारावं, होल्डवर ठेवलेल्या दिवसांचे पैसे का नाहीत. संघटनांना विचारावं, आजारपणात कार्ड चालू ठेवायला कुणाला भेटावं लागतं. आणि सगळ्यात शेवटी निर्मितीसंस्थांच्या हिशेबनिसाला बोलावून विचारावं: नव्वद दिवस का?